विश्लेषण : ‘किलोला अडीच लिटर’... गोठ्यातला पेंडीचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

दुधाचा खरेदी दर घसरला की गोठ्यातली पहिली कात्री पेंडीच्या पोत्याला लागते. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचा दर इतका खाली आला, की राज्य सरकारला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. दुधाच्या उत्पादन खर्चात चारा आणि पशुखाद्याचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के धरला जातो. दुधाचा दर शेतकऱ्याच्या हातात नाही, पोत्याचा भावही नाही. गव्हाणीत काय आणि किती टाकायचे, एवढेच त्याच्या हातात उरते. पण बहुतेक गोठ्यांत हे अंदाजाने चालते. हा हिशेब शास्त्रीय पद्धतीने कसा मांडतात, त्यासाठी कोणते आकडे लागतात आणि ते शेतकऱ्याला सहज का मिळत नाहीत, याचा हा आढावा.

‘किलोला अडीच लिटर’ हा नियम आला कुठून?

शरीर पोषणासाठी एक-दीड किलो, त्यावर गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो आणि म्हशीच्या दर दोन लिटरमागे एक किलो पेंड, हा आडाखा गावोगावी पाठ आहे. त्यामागे गणित आहे. जनावराची गरज दोन भागांत मोजतात. पहिला भाग शरीर चालवण्याचा. गाय दूध देवो वा न देवो, श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान यासाठी तिला रोज ठरावीक पोषण लागतेच. दुसरा भाग दुधाचा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९८९ च्या तक्त्यानुसार, ३.५ फॅटचे एक किलो दूध तयार करण्यासाठी गाईला सुमारे ३०० ग्रॅम एकूण पचनीय अन्नघटक आणि ८४ ग्रॅम प्रथिने लागतात. एकूण पचनीय अन्नघटक म्हणजे ऊर्जेचे माप. पशुवैद्यक त्यालाच ‘टीडीएन’ म्हणतात. चांगल्या प्रतीच्या एक किलो पशुखाद्यात साधारण ७०० ग्रॅम टीडीएन आणि २०० ग्रॅम प्रथिने असतात. ७०० ला ३०० ने भागले तर उत्तर येते २.३, आणि २०० ला ८४ ने भागले तर २.४. म्हणजे किलोला जवळपास अडीच लिटर. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्यामुळे तिला तेवढ्याच पेंडीत दूध कमी.

याच गणिताने कात्री किती महाग पडते हेही दिसते. समजा पशुखाद्य ३४ रुपये किलो आहे आणि दूध २८ रुपये लिटर. एक किलो खाद्य कमी केले तर ३४ रुपये वाचतात, पण दोन लिटरहून अधिक दुधाचे, म्हणजे सुमारे ६० रुपयांचे पोषण जाते. नुकत्याच व्यालेल्या गाईत हा तोटा लगेच दिसत नाही. ती काही दिवस अंगावरची चरबी झिजवून दूध देत राहते. परिणाम पुढे दिसतो : गाय खंगते, वेळेवर माजावर येत नाही, भरवली तरी उलटते. एक वेत लांबले की वाचवलेल्या पोत्यांपेक्षा मोठी रक्कम गेलेली असते.

मग या नियमात चूक काय?

शरीर पोषणाची बरीचशी गरज चाऱ्यातून भागते, असे हा नियम गृहीत धरतो. चारा कोणता, हे तो विचारत नाही.

४०० किलो वजनाच्या गाईला केवळ शरीर चालवण्यासाठी रोज सुमारे ३.१ किलो टीडीएन आणि ३१८ ग्रॅम प्रथिने लागतात. तिने दिवसभर नुसता कडबा खाल्ला आणि ८ किलो शुष्क पदार्थ पोटात गेला, तर त्यातून जेमतेम २८० ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे दूध बाजूलाच, शरीराचीही गरज भागत नाही. वरची पेंड आधी हा खड्डा भरते आणि मग दुधाला लागते. याउलट शेजारच्या गोठ्यात भरपूर लसूण घास असेल तर तिथल्या गाईला चाऱ्यातूनच प्रथिने जास्त होतात. तीही गाय तेवढेच दूध देत असेल तर नियम दोघींना सारखीच पेंड सांगतो. एकीची उपासमार होते, दुसरीच्या मालकाचे पैसे शेणा-मूत्रावाटे जातात.

चारा ओल्या वजनावर का मोजू नये?

हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणी असते. पाणी काढल्यावर उरतो तो शुष्क पदार्थ. पोषण मोजायचे ते त्यातच. हत्तीघास किंवा नेपिअरमध्ये साधारण १८ ते २० टक्के शुष्क पदार्थ असतो, चांगल्या मुरघासात ३० टक्क्यांच्या आसपास, कडब्यात ९० टक्के. दुभती गाय दिवसाला वजनाच्या साधारण ३ टक्के शुष्क पदार्थ खाते. म्हणजे ४०० किलोच्या गाईला १२ किलो.

विकतचा चारा घेताना हा फरक थेट खिशाशी येतो. समजा हिरवे नेपिअर ४ रुपये किलो आहे आणि मुरघास ६ रुपये. वरवर नेपिअर स्वस्त. पण १८ टक्के शुष्क पदार्थ धरला तर नेपिअर कोरड्या किलोला २२ रुपयांना पडते आणि ३० टक्क्यांचा मुरघास २० रुपयांना. तोच मुरघास कोवळ्या मक्याचा, पाणथळ आणि २० टक्के शुष्क पदार्थाचा निघाला तर ३० रुपयांना. मक्याचे कणीस चिकात येण्याआधीच कापणी करून भरलेली बॅग शेतकऱ्याला पाणी विकते, ते असे.

एका गाईचा हिशेब कसा मांडतात?

४०० किलो वजनाची, रोज १२ लिटर आणि ३.५ फॅटचे दूध देणारी संकरित गाय घेऊ. तक्त्यानुसार तिची रोजची गरज अशी : सुमारे ६.७ किलो टीडीएन, १,३२५ ग्रॅम प्रथिने, ५२ ग्रॅम कॅल्शियम आणि ३३ ग्रॅम फॉस्फरस.

तिला मिळते ते असे : १५ किलो नेपिअर, ५ किलो कडबा, २ किलो सरकी पेंड आणि ३ किलो गव्हाचा भुसा. या घटकांच्या सरासरी आकड्यांवरून बेरीज केली तर शुष्क पदार्थ ११.७ किलो, टीडीएन ७.१ किलो, प्रथिने सुमारे १,२३५ ग्रॅम, कॅल्शियम ३७ ग्रॅम आणि फॉस्फरस ५५ ग्रॅम.

गव्हाण भरलेली आहे. गाईचे पोटही भरते. पण ऊर्जा गरजेपेक्षा थोडी जास्त, प्रथिने ९० ग्रॅमने कमी, कॅल्शियम १५ ग्रॅमने कमी आणि फॉस्फरस गरजेच्या दीडपटीहून अधिक. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असायला हवा, इथे ते प्रमाण उलटे झाले आहे. गव्हाच्या भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्याने भुशावर भर देणाऱ्या गोठ्यांत हा दोष सर्रास येतो. जिथे गाळप हंगामात उसाच्या वाढ्यांवर जनावरे असतात तिथे अडचण आणखी वाढते, कारण वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि तो शरीराला मिळू देत नाही.

आता दुरुस्ती. एक किलो भुसा कमी करून अर्धा किलो सोयाबीन पेंड वाढवली, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम खाद्याच्या दर्जाची कॅल्साइट पावडर दिली, तर टीडीएन ६.८ किलो आणि प्रथिने सुमारे १,३२० ग्रॅम होतात. कॅल्शियम ५८ ग्रॅमच्या आसपास जातो आणि फॉस्फरसच्या वर येतो. भुसा २८ रुपये आणि सोयाबीन पेंड ४० रुपये किलो धरली तर या अदलाबदलीत ८ रुपये वाचतात आणि ते खनिज मिश्रण व कॅल्साइटमध्ये खर्च होतात. एकूण खर्च जवळपास तेवढाच राहतो, पण गाईला नेमके जे कमी पडत होते ते मिळते. असा बदल एका दिवसात न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा लागतो, कारण कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नवे खाद्य अंगवळणी पडायला वेळ लागतो.

स्वस्त पेंड कोणती?

पोत्याच्या किमतीवरून हे कळत नाही. त्यातल्या एक किलो प्रथिनाला किती रुपये पडतात, हे काढावे लागते. उदाहरणापुरते भाव घेऊ. सरकी पेंड ३६ रुपये किलो आणि प्रथिने २२ टक्के असतील तर एक किलो प्रथिन पडते १६४ रुपयांना. भुसा २८ रुपये आणि प्रथिने १४ टक्के, तर २०० रुपयांना. सोयाबीन पेंड ४० रुपये आणि प्रथिने ४५ टक्के, तर ८९ रुपयांना. गावागणिक आणि हंगामागणिक भाव बदलतील, रीत तीच.

अर्थात फक्त प्रथिन पाहून चालत नाही. सरकी पेंडीत तेलाचा अंश आणि तंतूही असतात, म्हणून तिच्यावर ‘फॅट लागते’ असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. सगळी पेंड सोयाबीनची केली तर ऊर्जा कमी पडेल. नुसता मका भरडा वाढवला तर कोठीपोटात आम्लता वाढून गाय चारा सोडेल आणि फॅटही उतरेल, कारण दुधातली चरबी बऱ्याच अंशी चाऱ्यातल्या तंतूंच्या पचनातून तयार होते. म्हणून शुष्क पदार्थाच्या किमान निम्मा ते ६० टक्के भाग चाऱ्याचाच ठेवतात.

दोन घटक किती मिसळायचे, यासाठी ‘पिअर्सन चौकोन’ ही सोपी रीत आहे. मका भरड्यात प्रथिने ९ टक्के, सोयाबीन पेंडीत ४५ आणि हवे आहेत १८ टक्के. ४५ मधून १८ वजा केले की २७, हा मक्याचा वाटा. १८ मधून ९ वजा केले की ९, हा सोयाबीन पेंडीचा वाटा. २७ ला ९, म्हणजे तीन पोती मका भरड्याला एक पोते पेंड.

पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा किती खरा?

भारतीय मानक ब्यूरोचे संमिश्र पशुखाद्यासाठी ‘आयएस २०५२’ हे मानक आहे. त्यात प्रथिने, तंतू, स्निग्धांश यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पोत्यावर मात्र ‘कच्ची प्रथिने’ लिहिलेली असतात. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही नायट्रोजन मोजण्याची पद्धत मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जाते.

गोम इथेच आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ६.२५ ने गुणले तर एक किलो युरिया कागदावर जवळपास २.९ किलो ‘प्रथिन’ दाखवतो. १०० किलो खाद्यात किलोभर युरिया गेला की लेबलवरचा आकडा जवळपास तीन टक्क्यांनी वर जातो. रवंथ करणारी जनावरे थोड्या युरियाचा उपयोग करू शकतात, म्हणून मानकात त्याला मर्यादित मुभा आहे. पण जास्त झाला तर विषबाधा होते आणि वासरांना तो चालतच नाही. २२ टक्के प्रथिने असलेली दोन पोती सारखीच असतील असे नाही, ती यामुळे.

दुसरा धोका बुरशीचा. पावसाळ्यात ओल धरलेल्या मक्यात, शेंगदाणा आणि सरकी पेंडीत अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष तयार होते आणि गाईच्या शरीरातून अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळला होता. म्हणजे गव्हाणीतल्या पेंडीचा प्रश्न ग्राहकाच्या पेल्यापर्यंत येतो.

संगणक हे काम करू शकत नाही का?

करू शकतो, आणि ७० हून अधिक वर्षे करतो आहे. किमान खर्चात सगळ्या गरजा भागवणारे मिश्रण शोधणे हे ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’चे ठरलेले उदाहरण आहे. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये त्याची सिम्प्लेक्स पद्धत मांडली आणि १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक वॉ यांनी ती दुभत्या जनावरांच्या स्वस्तात स्वस्त खाद्यासाठी वापरून दाखवली. आज पशुखाद्य कारखाने रोजच्या बाजारभावावर याच रीतीने मिश्रण बदलतात. मका महागला की दुसरा घटक येतो आणि पोते मात्र तेच दिसते. साध्या एक्सेलमध्येही हे गणित सुटते.

म्हणजे सूत्राची अडचण नाही. सूत्रात भरायचे आकडे कुठून आणायचे, ही अडचण आहे. गाईचे वजन, चाऱ्यातला शुष्क पदार्थ आणि पेंडीतले खरे घटक हे तीन आकडे चुकले तर संगणक चुकीचे उत्तर दशांश चिन्हासह देतो.

सरकारी पातळीवर काय झाले?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातून राबवलेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात (२०११-१२ ते २०१८-१९) संतुलित आहार कार्यक्रम हा एक प्रमुख भाग होता. गावातल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले गेले. ते गोठ्यात जात, टेपने गाईचा घेर मोजून वजन काढत, चारा तोलत, दुधाचे फॅट नोंदवत आणि ‘इनाफ’ या संगणक प्रणालीतून त्या गाईसाठी, त्या गोठ्यात उपलब्ध चाऱ्यावर बेतलेला कमी खर्चाचा आहार सुचवत. १८ राज्यांत २८ लाखांहून अधिक जनावरांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचला. खाद्यखर्चात बचत, दुधात व फॅटमध्ये थोडी वाढ आणि दूध लिटरमागे मिथेन वायूचे प्रमाण कमी, असे त्याचे निष्कर्ष होते.

योजनेची मुदत संपली. मंडळाचे ‘पशुपोषण’ हे मोबाइल अॅप आहे आणि जनावरांची नोंद आता कानातल्या १२ अंकी बिल्ल्यासह ‘भारत पशुधन’ प्रणालीत होते. पण अॅप टेप घेऊन गोठ्यात येत नाही. गावात फिरणारा माणूस नसेल तर आहाराचा सल्ला बहुधा खाद्य विकणाऱ्याकडूनच मिळतो. तो सल्ला चुकीचाच असतो असे नाही. पण ‘पेंड कमी करा’ असे उत्तर निघाले तर ते सांगण्यात त्याचा फायदा नसतो.

शेतकऱ्याला आज काय करता येईल?

वजनासाठी काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६०, म्हणजे किलोतले अंदाजे वजन. घेर ६८ आणि लांबी ५८ इंच असेल तर गाय सुमारे ४०६ किलोची.

शुष्क पदार्थासाठी कुट्टी केलेला एक किलो चारा तोलून कडक उन्हात वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. २०० ग्रॅम उरला तर शुष्क पदार्थ २० टक्क्यांहून किंचित कमी, कारण वाळल्यावरही थोडा ओलावा राहतोच. दूध आणि वजन पाहून गाईंचे दोन-तीन गट केले तरी सगळ्यांना एकच घमेले टाकण्यातली उधळपट्टी थांबते.

तिसरा आकडा, पेंडीतले खरे घटक, मात्र घरी काढता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि दहा पोत्यांच्या खरेदीसाठी एकटा शेतकरी तेवढे करत नाही. दूध संघ, शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी मात्र गावात येणाऱ्या पेंडीच्या प्रत्येक खेपेचा एकच नमुना तपासून निकाल फलकावर लावू शकते.

गावच्या संकलन केंद्रात शेतकऱ्याचे दूध रोज दोन वेळा यंत्रात तपासले जाते. फॅट आणि एसएनएफ दशांशात येते आणि काही पॉइंट कमी लागले तरी दर कापला जातो. त्याच शेतकऱ्याने विकत घेतलेल्या पोत्याची, बॅगेतल्या मुरघासाची तपासणी करणारे यंत्र मात्र त्या केंद्रात नसते. जे तो विकतो ते मोजले जाते, जे तो विकत घेतो ते नाही. अनुदानाच्या ५ किंवा ७ रुपयांवर जेवढी चर्चा होते, तेवढी या तफावतीवर झाली तर ‘किलोला अडीच लिटर’ या आडाख्याच्या जागी प्रत्येक गाईचा स्वतंत्र हिशेब येऊ शकेल.